वाळवंटातील पंखे

सातवी-आठवीच्या मुलांना ‘वाळवंटाचे चित्र काढा’ असे सांगितले, की बहुतेक वह्यांत एकच चित्र उमटते. पिवळ्या वाळूच्या दोन-तीन टेकड्या, एक उंट, वर तळपणारा सूर्य आणि कोपऱ्यात निळ्या डबक्याच्या काठी पामची दोन झाडे. चित्र चुकीचे नाही. पण त्या झाडावर बोट ठेवून ‘हे कोणते झाड?’ असे विचारले, तर उत्तरे निरनिराळी येतात. कोणी नारळ म्हणतो, कोणी खजूर, तर कोणी नुसतेच ‘वाळवंटी झाड’. आणि ‘एवढ्या रखरखाटात ते जगते कसे?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र ठरलेले असते : ‘ते निवडुंगासारखे पाणी साठवून ठेवते.’

हे शेवटचे उत्तर एकदा मीही दिले होते. एका परिषदेसाठी दक्षिण कॅलिफोर्नियात गेलो असताना एक दिवस मोकळा मिळाला. एका भूशास्त्रज्ञ मित्राबरोबर कोचेला खोऱ्यातील उघड्याबोडक्या टेकड्यांकडे गेलो. या खोऱ्यात वर्षाकाठी जेमतेम १० ते १५ सेंमी पाऊस पडतो. आपल्या माण-खटावसारख्या दुष्काळी भागातही याच्या तिप्पट पडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा त्या राखाडी टेकड्यांच्या पायथ्याशी अचानक पंधरा-वीस मीटर उंचीची, जाड खोडांची, हिरव्यागार पंख्यांची झाडे दिसली. मित्राने विचारले, ‘यांना पाणी कोठून मिळते?’ मी म्हटले, ‘खोडात साठवत असतील.’ तो हसला. ‘जरा वर चढून पाहा आणि झाडे कशी उभी आहेत ते सांग.’

टेकडीवरून पाहिले, तर झाडे एका सरळ रेषेत उभी होती. कोणी दोरी लावून लावल्यासारखी. पण ती कोणीही लावलेली नव्हती. या रेषेचे कोडे सोडवण्यापूर्वी झाडाची ओळख करून घेऊ.

पीस की पंखा?

पामचे पान साधारणपणे दोन प्रकारचे असते. माडाची झावळी आठवा. मधला लांब कणा आणि दोन्ही बाजूंना ओळीने पात्या. पक्ष्याच्या पिसासारखी ही रचना, म्हणून हे पान पिच्छाकृती. पोफळ, शिंदी आणि खजूर यांची पाने अशीच. आता ताड आठवा. त्याच्या देठाच्या टोकाशी सर्व पात्या हाताच्या बोटांसारख्या पसरतात आणि बऱ्याच अंतरापर्यंत एकमेकींना जोडलेल्या असतात. हे पान हस्ताकृती. उन्हाळ्यात वारा घ्यायला याच पानाचे पंखे करीत. असे पान असणाऱ्या पामना इंग्रजीत पंख्यावरूनच नाव आहे. आपण त्यांना पंखताड म्हणू.

म्हणजे वाळवंटातील पाम दिसताच पहिला प्रश्न विचारायचा, तो हा : पान पिसासारखे की पंख्यासारखे? कोचेला खोऱ्यात हा प्रश्न फारच उपयोगी पडतो, कारण तेथे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस तेथे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातून खजुराची रोपे आणून बागा उभ्या केल्या गेल्या. तेथील एका गावाचे नावही मक्का असे आहे. ओळीत, समान अंतरावर, पिसासारख्या पानांचे झाड दिसले, तर तो माणसाने लावलेला खजूर. घळीत किंवा झऱ्याकाठी दाटीने उभे, पंख्यासारख्या पानांचे झाड दिसले, तर तो मूळचा रहिवासी.

या रहिवाशाचे शास्त्रीय नाव वॉशिंग्टोनिया फिलिफेरा. हेरमान वेंडलांट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली या प्रजातीला अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांचे, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे नाव दिले. ‘फिलिफेरा’ म्हणजे तंतू धारण करणारा. या शब्दातच ओळखीची एक खूण आहे. पानाच्या पात्या जेथे एकमेकींपासून सुटतात, तेथून पांढुरके, कुरळे दोरे लोंबत असतात. लांबून पाहिले, तर पंख्याची शिवण उसवल्यासारखी वाटते.

बाकीच्या खुणा अशा. खोड जाड, पिंपासारखे, जवळजवळ एक मीटरपर्यंत व्यासाचे. पान करडी झाक असलेले हिरवे. देठ लांब आणि त्याच्या कडांना करवतीसारखे वाकडे काटे. फुलोरे मात्र पानांच्याही बाहेर कमानीसारखे लोंबतात. फळे वाटाण्याएवढी, काळी. वर गोडसर गराचा पातळ थर आणि आत एक कठीण बी.

याचा एक सख्खा भाऊ आहे, वॉशिंग्टोनिया रोबस्टा. ‘रोबस्टा’ म्हणजे दणकट. पण गंमत अशी की दोघांत सडपातळ हाच! त्याचे मूळ घर मेक्सिकोच्या वायव्य भागात. तो फिलिफेरापेक्षा बराच उंच वाढतो, खोड बारीक असते, बुंधा तळाशी फुगलेला असतो आणि पाने अधिक तकतकीत हिरवी असतात. चित्रपटांत लॉस एंजेलिसच्या रस्त्यांच्या दुतर्फा जे उंच, काटकुळे पाम दिसतात, ते बहुतेक हेच. आपल्याकडेही शहरांतील बागांत आणि संस्थांच्या आवारांत शोभेसाठी वॉशिंग्टोनिया लावलेला आढळतो. रोपवाटिकांत या दोन भावांचा संकरही होतो. त्यामुळे बागेतल्या झाडाची जात छातीठोकपणे सांगता येत नाही. रानातल्या झाडाबाबत ही अडचण सहसा येत नाही. तिसरा एक पंखताड, ब्राहिया आर्माटा, मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पात वाढतो. त्याची पाने चांदीचा मुलामा दिल्यासारखी निळसर असतात.

पाय पाण्यात

आता पाण्याचा प्रश्न. निवडुंग हा खरा वाळवंटी जीव. त्याने पाने टाकून दिली, खोडात पाणी भरून घेतले, रंध्रे दिवसा मिटून रात्री उघडायची सवय लावून घेतली. फिलिफेराने यांतील काहीही केलेले नाही. पाने दीड-दोन मीटर रुंदीची, ऐन उन्हात पसरलेली. त्यांतून पाण्याची वाफ सतत निघून जात असते. अशा झाडाला दुष्काळ सोसण्याची ताकद नाही. त्याची मुळे दोरखंडांच्या जुडग्यासारखी असतात. एकदल वनस्पतींप्रमाणे त्याला सोटमूळ नाही, त्यामुळे फार खोलवर जाऊन पाणी शोधणेही त्याला जमत नाही. त्याला बारमाही पाणी हवे आणि तेही पृष्ठभागाजवळ.

म्हणजे पंखताड वाळवंटात राहतो, पण वाळवंटाचा नाही. तो पाण्याचा आहे, आणि हे पाणी योगायोगाने वाळवंटात आहे. वाळवंटात हिंडणाऱ्या तहानलेल्या माणसाला म्हणूनच या झाडाचा आधार वाटे. लांबून पंखे दिसले, की पाणी जवळ आहे हे नक्की.

रेषेचे कोडे

मग हे पाणी एका रेषेतच का? कारण त्या रेषेखाली सॅन अँड्रियास प्रस्तरभंग आहे.

भूकवचाचे दोन मोठे तुकडे, पॅसिफिक भूपट्ट आणि उत्तर अमेरिकी भूपट्ट, कॅलिफोर्नियात एकमेकांना घासत सरकतात. त्यांची परस्परसापेक्ष गती वर्षाला सुमारे ५ सेंमी, म्हणजे आपली नखे वाढतात साधारण तेवढी. या सरकण्याचा मोठा वाटा सॅन अँड्रियासच्या वाट्याला येतो. लाखो वर्षे चाललेल्या या घासण्याने भेगेतील खडकाचे जात्यात दळल्यासारखे पीठ होते. त्याची चिकणमाती बनते आणि ती उभ्या पडद्यासारखी जमिनीत पसरते. चिकणमातीतून पाणी सहजी झिरपत नाही. आजूबाजूच्या डोंगरांवर पडलेले पाऊस-बर्फाचे पाणी जमिनीखालून उताराकडे निघते, या पडद्याला अडते आणि धरणामागे साचावे तसे साचत वर येते. जेथे ते पृष्ठभागाशी पोचते, तेथे झरा. जेथे झरा, तेथे पंखताड. कोचेला खोऱ्यातील थाउजंड पाम्स हे मरूद्यान असेच तयार झाले आहे.

हे वाचून आपल्या काही शिक्षकांना धुळे-नंदुरबार भागातील डाइक आठवतील. दख्खनच्या बेसाल्टात घुसलेल्या उभ्या खडकाच्या या भिंती. काही ठिकाणी त्याही भूजलाला अशाच अडवतात आणि भिंतीच्या वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी अधिक लागते. कारण वेगळे, खडक वेगळा, पण तत्त्व एकच : जमिनीखालचा बांध.

मित्राने सांगितलेली एक गोष्ट मात्र मला विसरता येत नाही. प्रस्तरभंगाच्या या दक्षिण टोकाशी गेल्या सुमारे ३०० वर्षांत मोठा भूकंप झालेला नाही. ताण साठतो आहे आणि तो कधीतरी मोकळा होणार, हे भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. कधी, ते कोणालाच सांगता येत नाही. ज्या भेगेने या झाडांना पाणी दिले, तीच भेग तेथील शहरांची चिंता आहे. झाडांची ती सुंदर हिरवी ओळ म्हणजे निसर्गाने नकाशावर ओढलेली धोक्याची रेषाही आहे.

आग सोसणारे खोड

बागेतला वॉशिंग्टोनिया आणि रानातला वॉशिंग्टोनिया यांत एक ठळक फरक दिसतो. बागेतल्या झाडाची वाळकी पाने माळी छाटून टाकतो. रानात ती गळून पडत नाहीत. खाली मुडपून खोडालाच लपेटून राहतात. वर्षानुवर्षांची पाने साठून झाडाला शेंड्यापासून जमिनीपर्यंत गवती घागरा नेसवल्यासारखे दिसते.

हा घागरा म्हणजे वाळलेले सरपण. वीज पडली किंवा ठिणगी उडाली, की तो मशालीसारखा पेटतो. आग विझल्यावर काळे ठिक्कर खोड उभे राहिलेले पाहून कोणालाही वाटेल, की झाड संपले. पण काही आठवड्यांत शेंड्यातून कोवळा हिरवा पंखा उलगडू लागतो. हे कसे?

उत्तर नववी-दहावीच्या पुस्तकातच आहे. आंबा किंवा वड यांसारख्या द्विदल वृक्षांत सालीच्या आत लगेच ऊतिकराचा, म्हणजे कँबियमचा, पातळ थर असतो. खोडाची जाडी तो वाढवतो. अन्न वाहणारा भागही त्याला लागूनच बाहेर असतो. आगीने हे कडे सर्व बाजूंनी भाजले, की झाड मरते. पाम एकदल आहे. त्याच्या खोडात असे कडे नाही. पाणी व अन्न वाहून नेणारे शेकडो वाहिनीवृंद खोडभर विखुरलेले असतात. बाहेरचे काही जळाले, तरी आतले काम करीत राहतात. वाढीचा एकमेव कोंब शेंड्यात, ओल्या पर्णतळांच्या अनेक वेढ्यांत गुंडाळलेला असतो. तो वाचला, की झाड वाचले.

ऊतिकर नसण्याचे आणखी दोन परिणाम विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहेत. पहिला, पामच्या खोडात वर्षवलये नसतात. त्यामुळे वलये मोजून त्याचे वय काढता येत नाही. फिलिफेराचे आयुष्य साधारण ८० ते ९० वर्षे मानले जाते, पण तो अंदाजच. दुसरा, एकदा पडलेली जखम भरून येत नाही. हौसेने खोडावर नावे कोरणाऱ्यांनी केलेली खूण झाड मरेपर्यंत तशीच राहते.

या भागातील मूळ रहिवासी असलेल्या काविया लोकांना आगीचे हे गणित चांगले ठाऊक होते. ते या झाडाला ‘माऊल’ म्हणतात. त्याची फळे ते ताजी खात, वाळवून त्यांचे पीठ करीत. पानांनी घरे शाकारीत, पानांच्याच वहाणा करीत. काही वेळा ते घागरे मुद्दाम जाळीत. त्यामुळे कीड मरे, झाडाखालची पाणी पिणारी झुडपे नाहीशी होत, रोपांना उजेड मिळे आणि फळे अधिक येत. पाम कॅन्यन, अँड्रियास कॅन्यन व मरे कॅन्यन या पंखताडांच्या प्रसिद्ध घळी आजही कावियांच्या आग्वा कालियेंते या गटाच्या भूमीत आहेत.

घागऱ्यातील बिऱ्हाडे

न जळलेल्या घागऱ्यात दुसरेच जग नांदते. पिवळ्या रंगाची एक वटवाघळाची जात दिवसभर वाळक्या पानांत लपून झोपते. तिचा रंग त्या पानांत मिसळून जातो. काळ्या-केशरी रंगाचा एक पक्षी पानांचेच दोरे ओढून पंख्याच्या खालच्या अंगाला घरटे शिवतो. आपल्या शिंप्याची आठवण व्हावी, असे हे काम. झाडाच्या खोडात डिनापाटे राइटाय नावाचा सुमारे ५ सेंमी लांबीचा काळा भुंगेरा वाढतो. त्याची अळी काही वर्षे खोड पोखरीत आत राहते आणि शेवटी अंगठा जाईल एवढे गोल छिद्र पाडून भुंगेरा बाहेर पडतो. जुन्या खोडावर अशी छिद्रे दिसली, तर समजावे की येथून कोणीतरी घर सोडले आहे.

फळे खायला कोयोट येतो. हा आपल्या कोल्ह्याचा अमेरिकी जातभाई. तो गर पचवतो आणि बी विष्ठेवाटे मैलभर दूर टाकतो. पक्षीही हेच करतात. या साध्या गोष्टीने एका जुन्या वादाला वळण दिले.

पूर्वी असे समजत, की ही झाडे म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या ओलसर काळाचे अवशेष. हवामान कोरडे होत गेले आणि एकेकाळचे सलग रान झऱ्यांपुरते उरले. हे खरे असते, तर इतका काळ एकमेकांपासून तुटलेल्या राईंत बराच आनुवंशिक फरक पडायला हवा होता. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या राई तपासल्या, तेव्हा फरक अगदी थोडा आढळला. यावरून काही संशोधक म्हणतात, की आजच्या राई प्राचीन अवशेष नसून कोयोट, पक्षी आणि कदाचित माणूस यांनी अलीकडच्या काळात पसरवलेल्या वसाहती आहेत. एक सुंदर कल्पना साध्या मोजमापाने कशी डळमळते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

कौतुक म्हणजे काय?

उत्तर अमेरिकेत वाळवंटी पंखताडांची मरूद्याने मोजून १५८ असल्याचे जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाची नोंद सांगते. त्यांतील पाच त्या उद्यानात आहेत. त्यांपैकी एक ‘मारा’. शेजारच्या गावाचे नावच ‘ट्वेंटीनाइन पाम्स’. सेरानो लोकांची आख्यायिका अशी, की मुलगे व्हावेत म्हणून त्यांचे पूर्वज येथे येऊन राहिले. पहिल्या वर्षी २९ मुलगे जन्मले आणि प्रत्येकासाठी एक झाड लावले गेले. मारा हेही एका प्रस्तरभंगावर आहे. पण आसपासच्या वस्तीने उपसा वाढवला, भूजल खाली गेले आणि आज त्या झाडांना नळाने पाणी पुरवावे लागते. २०१८ साली तेथे कोणी आग लावली, तेव्हा ही जुनी झाडेही होरपळली.

येथे नीट विचार करायला हवा. आग सोसण्याची ताकद झाडात आहे, पण शेंडा वाचला तरच. आणि नव्याने वाढायला पाणी असेल तरच. पंखताडाला उन्हाचे भय नाही, आगीचेही फारसे नाही. पायाखालचे पाणी गेले, तर मात्र तो निमूटपणे वाळतो, कारण साठवण त्याच्याजवळ नाहीच. मी दिलेल्या त्या चुकीच्या उत्तराचे खरे नुकसान हे आहे. ‘वाळवंटी झाड आहे, ते पाण्यावाचून जगेल,’ असे एकदा मनात बसले, की त्याच्या शेजारी कूपनलिका खोदताना मन कचरत नाही. झाड ओळखणे म्हणजे केवळ नाव सांगणे नव्हे. ते कशाच्या आधारावर उभे आहे, हे ओळखणे.

वर्गात करून पाहा

१. एक पसरट ट्रे थोडा तिरका ठेवा. त्यात वाळू भरा आणि मधोमध, तळापासून वरपर्यंत, शाडूची आडवी भिंत घाला. वरच्या टोकाला सावकाश पाणी ओता. वाळू कोठे आधी ओली दिसते? भिंतीच्या वरच्या अंगाला मोहरीचे दाणे पेरले आणि खालच्या अंगालाही पेरले, तर आठ दिवसांत काय दिसेल, याचा अंदाज मुलांकडून आधी लिहून घ्या.

२. माडाची एक पाती आणि शिंदी किंवा खजुराची एक पाती आणा. कण्याला जोडलेल्या बाजूस आडवी कापून छेद पाहा. माडाची घडी कौलारू छपरासारखी, खाली उघडणारी असते. शिंदीची पन्हळीसारखी, वर उघडणारी. आता ताडाच्या पंख्याच्या घड्या पाहा. त्याच्या प्रत्येक पातीची घडी पन्हळीसारखीच असते! पिसासारखे पान असूनही शिंदी आणि खजूर यांचे जवळचे नाते माडाशी नसून ताडाशी आणि कॅलिफोर्नियाच्या त्या पंखताडाशी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ या सर्वांना एकाच उपकुलात ठेवतात. वरवर दिसणारे साम्य आणि खरे नाते यांतील फरक शिकवायला याहून स्वस्त साधन मिळणार नाही.

३. गावातील किंवा शाळेच्या परिसरातील पामची यादी करा : पान पीस की पंखा, देठाला काटे आहेत की नाहीत, पात्यांमध्ये दोरे आहेत की नाहीत, वाळकी पाने गळतात की लोंबतात. शेवटी एक रकाना ठेवा : ‘याला पाणी कोठून मिळते?’

हा शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागेल. कदाचित मुलांना माळ्याला, विहिरीच्या मालकाला किंवा गावातल्या वृद्धांना विचारत हिंडावे लागेल. हिंडू द्यावे. पुढच्या वेळी त्यांनी वाळवंटाचे चित्र काढले, तर निळ्या डबक्याच्या खाली, जमिनीच्या पोटात, एखादी उभी रेघही ओढलेली दिसेल.